चामड्याची बैठक आणि खारी हवा

जून महिन्यांत काशीमिऱ्याच्या नाक्यावर थोडा वेळ उभें राहिलें तर एक गोष्ट सहज नजरेस येते. भर पावसांत दहिसरच्या बाजूस निघालेल्या फटफट्यांपैकीं कित्येकांच्या बैठकीवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवलेली असते. ही पिशवी म्हणजे स्वारानें पावसाशीं केलेला तह होय, आणि तो फार दिवस टिकत नाहीं. पिशवी फाटते, शिवणींतून पाणी आंतल्या स्पंजांत शिरतें, आणि पाऊस थांबला तरी विजार ओली होत राहते. बैठक खऱ्या चामड्याची असेल, अथवा अंगांत चामड्याचें जाकीट व हातांत मोजे असतील, तर नुकसान याहून मोठें होतें; कारण चामडें एकदां कुजलें म्हणजे पूर्ववत् होत नाहीं.

मीरा-भाईंदरची जागाच अशी आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि सखल भागांत पिढ्यान्‌पिढ्यांचीं मिठागरें. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, मिठागरें पूर्वीइतकीं राहिलीं नाहींत. पण हवेंतील खार कांहीं गेला नाहीं. या खाराचा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं साधें मीठ हवेंतील पाणी ओढून स्वतःच विरघळूं लागतें. पावसाळ्यांत बरणींतलें मीठ पाझरतें तें यामुळेंच. कोंकणपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुधा या रेषेच्या वरच असते. तेव्हां चामड्यावर बसलेला खार, पाऊस नसलेल्या दिवशींही, त्यास ओलसर ठेवतो, आणि त्या ओलीवर बुरशी पोसते.

उपाय करण्यापूर्वीं वस्तु चामड्याची आहे कीं नाहीं, हें पाहावें. हल्लींच्या बहुतेक गाड्यांची बैठक रेक्झिनची असते. रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला कृत्रिम लेप. त्यास तेल पाजणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणें. कापलेली कड अथवा उलटी बाजू पाहिली कीं भेद कळतो. एकाच्या पाठीशीं विणलेलें कापड दिसतें, दुसऱ्याच्या पाठीशीं गुंतागुंतीचे तंतू दिसतात.

हे तंतूच चामड्याचें सर्वस्व. कातडें कमावतांना ते सडूं नयेत म्हणून त्यांस बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा कस पाजतात. कोल्हापुरी चपलेचें चामडें असेंच कमावलेलें असतें, आणि २०१९ सालीं त्या चपलेस महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. १८५८ सालीं जर्मन रसायनज्ञ क्नाप यानें ती मांडली आणि १८८४ सालीं अमेरिकेंत शुल्ट्स यानें तिचें पेटंट घेतलें. आजचीं बहुतेक जाकिटें याच रीतीच्या चामड्याचीं असतात. रीत कोणतीही असो, शेवटीं तंतूंमध्यें तेल मुरवावेंच लागतें. तें असलें म्हणजे तंतू एकमेकांवरून सरकतात व चामडें लवतें. तें गेलें म्हणजे तंतू एकमेकांस चिकटतात आणि वाकवतांच तडा जातो. वारंवार भिजणें व वाळणें हें तेल हळूहळू काढून घेतें.

पाण्याशीं चामड्याचा संबंध मराठी माणसास नवा नाहीं. विहिरीवरची मोट चामड्याची, भिस्त्याची पखालही चामड्याची. मोटेचें चामडें दिवसभर पाण्यांत बुडूनही वर्षानुवर्षें चालत असे, तें निगेमुळें.

निगेची कृति सोपी आहे. घाई तेवढी नको. प्रथम मऊ ओल्या फडक्यानें खार पुसून घ्यावा, कारण खारावर तेल चढवलें तर तो आंतच कोंडला जातो. धुण्याचा सोडा किंवा कपड्याचा साबण वापरूं नये, तो तंतूंतील तेलही ओढून नेतो. खोगिराचा साबण चालतो. मग वस्तु सावलींत पूर्ण वाळूं द्यावी. नंतर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो लगेच मुरला तर चामडें तहानलेलें आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर वर रंगाचा जाड थर आहे, आणि त्यांतून तेल फारसें आंत जाणार नाहीं. तेल कोणतें? गुरांच्या नळ्यांच्या हाडांपासून काढलेलें, अथवा मेंढीच्या लोकरींतील लॅनोलिन असलेलें मलम उत्तम. एरंडेलही चालण्याजोगें आहे. खोबरेल मात्र सोडावें. तें २४-२५ अंशांखालीं गोठतें आणि पुढें खवट होतें. जवसाचें तेल तर वाळून कडक होतें. बोटभर मलम फडक्यावर घेऊन पातळ थर द्यावा, एक रात्र जाऊं द्यावी, उरलेलें पुसून टाकावें. अति तेलानें चामडें सैल पडतें व टांके ढिले होतात. जाकिटाच्या बाबतींत हा दोष केवळ दिसण्याचा नव्हे. स्वार घसरला असतां रस्ता आणि त्याची कातडी यांमध्यें तेवढें एकच चामडें असतें, आणि तें प्रथम उसवतें तें शिवणीपाशींच.

आतां पाणी अडविण्याचा प्रश्न. त्यासाठीं मधमाशीचें मेण तेलांत वितळवून केलेला लेप जुना व भरवशाचा आहे. तो सर्वांत अगोदर शिवणींवर चोळावा, कारण पाणी प्रथम सुईच्या भोंकांतूनच वाट काढतें. मात्र चामडें पूर्ण बंद करण्याचा हव्यास धरूं नये. त्यांतून घामाची वाफ बाहेर जाते, हा तर त्याचा मोठा गुण. तो बुजवला तर स्वार बाहेरून कोरडा आणि आंतून भिजलेला, अशी गत होते. मुसळधार पावसांत जाकिटावरून रेनकोट घालणें हाच शहाणपणा. खरबरीत लव असलेल्या चामड्यास तर मेण मुळींच लावूं नये. लव चिकटून बसते. त्याकरितां फवाऱ्याचीं औषधें असतात.

बैठकीचें पथ्य निराळें आहे. तीवर मेणाचा किंवा सिलिकोनचा गुळगुळीत थर दिला तर ब्रेक दाबतांच मागें बसलेलें माणूस पुढें घसरतें; घोडबंदरच्या उतारावर हा प्रकार जिवावर बेतूं शकतो. शिवाय मेण साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळतें आणि त्याआधींच मऊ होतें, त्यामुळें मे महिन्याच्या उन्हांत काळी बैठक तापली कीं तें कपड्यांस लागतें. बैठकीस अंगांत मुरणारें तेल तेवढें द्यावें, मेण शिवणींपुरतें ठेवावें.

भिजलेली वस्तु वाळविण्यांतच बहुतेकांची चूक होते. सालीनें कमावलेलें ओलें चामडें ७०-८० अंशांच्या आसपास कायमचें आकसतें; म्हणून तापलेला सायलेन्सर, शेगडी, इस्त्री यांपासून तें दूर ठेवावें. जाकीट रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखालीं टांगावें, मोज्यांच्या बोटांत कागद कोंबावा व तो दोनदां-तीनदां बदलावा.

वाळल्यावर पांढरा डाग दिसला तर त्याची जात ओळखावी. ओल्या फडक्यानें विरघळला तर तो खार. जरा ऊब देतांच नाहींसा झाला तर तो चामड्यांतूनच वर आलेला मेद, त्यानें भिण्याचें कारण नाहीं. कुबट वास येऊन ठिपक्या-ठिपक्यांनीं पसरत असेल तर ती बुरशी; ती घराबाहेर, उघड्या हवेंत कोरड्या फडक्यानें झटकावी, तें फडकें टाकून द्यावें, आणि मगच चामड्यास हात लावावा. अशी वस्तु प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून कपाटांत ठेवली तर आठवड्यांत ती पुन्हां पांढरी होते. जुन्या सुती धोतराचें अथवा चादरीचें आच्छादन, आणि पंधरवड्यांतून एकदां कपाटाचीं दारें उघडीं ठेवणें, एवढ्यावर जाकीट श्रावण-भाद्रपद काढतें.