जबलपूरच्या ग्वारीघाटाहून परतल्यावर: वडिलांच्या पश्चातचे कागद

मृत्यूची नोंद: 21 दिवसांत. जबलपूर शहरात नगर निगमकडे.

प्रोबेट: मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. जबलपुरात केलेल्या, तिथल्याच घराविषयीच्या हिंदू मृत्युपत्राला सक्तीचा नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, नोंदणी ऐच्छिक.

मृत्युपत्र नसल्यास: हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, मुलगे आणि मुली (विवाहितही) यांना समान वाटा. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तिलाही तितकाच. हा वाटा अनेकदा विसरला जातो.

उत्तराधिकार प्रमाणपत्र: बँकठेवी, शेअर यांसाठी. घर-जमिनीसाठी नाही.

बँकेतील नॉमिनी: रक्कम स्वीकारणारा. हक्क वारसांचा.

नामांतरण: महाराष्ट्रातला फेरफार तोच. महसुली नोंद, मालकी त्यावरून ठरत नाही.