पोटात गोळा, की मनात भीती?

आषाढीच्या दिवसांत पंढरपुरातले घर म्हणजे धर्मशाळाच. ओसरीवर वारकरी उतरलेले, चुलीपुढे भाकऱ्यांची चवड, बाहेर रात्रभर टाळ-मृदंग. समजा, अशाच एका घरात स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे छिन्नमनस्कतेचा, तिशीतला रुग्ण आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, भास थांबलेले आहेत. तरी सकाळपासून तो माळवदावर एकटाच बसून आहे. आई जेवायला बोलावते, तेव्हा म्हणतो, ‘पोटात गोळा आलाय.’ आई ओवा-मीठ देते. ‘काय होतंय रे?’ या प्रश्नाला उत्तर मिळते, ‘काही नाही.’ चेहरा कोरा. घरचे म्हणतात, ‘याला कशाचं काही वाटतच नाही.’

नेमकी इथेच गफलत होते. त्याला वाटते आहे. जे वाटते आहे त्याला म्हणायचे काय, हे त्याला उमगत नाही. या अडचणीला ‘ॲलेक्सिथायमिया’ म्हणतात. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ ‘भावनेसाठी शब्द नसणे’. बोस्टनमधील मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रूढ केला. हा स्वतंत्र आजार नव्हे. निरोगी माणसांतही हा स्वभावविशेष आढळतो. स्किझोफ्रेनियात मात्र त्याचे प्रमाण अधिक दिसते. तो मोजण्यासाठी २० विधानांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते.

भीती, राग, दुःख ही आधी शरीरात उमटतात. मराठीला हे चांगले ठाऊक आहे. आपल्या काळजात धस्स होते, हातपाय गळतात, घशाशी आवंढा येतो. शरीराच्या या खुणा मेंदू वाचतो, प्रसंगाशी जोडतो आणि त्यांना नाव देतो. त्या वाचण्यात मेंदूतील ‘इन्सुला’ या भागाचा मोठा वाटा असतो. ही साखळी कुठे तुटली, की छातीतली धडधड ‘भीती’ होत नाही, नुसती धडधड राहते. मग पोटातला गोळा हा अपचनाचाच वाटतो. रुग्णालाही आणि घरच्यांनाही.

कोरा चेहरा ही याहून निराळी गोष्ट. ॲन क्रिंग आणि जॉन नील या अमेरिकी संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आणि इतरांना भावना जागवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. रुग्णांच्या चेहऱ्यावर हावभाव कमी उमटले. पण आपल्याला काय वाटले हे विचारल्यावर त्यांची उत्तरे इतरांसारखीच होती. चेहरा स्तब्ध म्हणून मन रिकामे, असा हिशेब करता येत नाही. काही औषधांच्या दुष्परिणामांनीही चेहरा ताठरतो. ते डॉक्टरांना सांगावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

हा प्रश्न केवळ घरातल्या गैरसमजाचा नाही. तपासणीत ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ एवढेच उत्तर आले, तर वाढत चाललेले नैराश्य, प्रसंगी आत्महत्येचा विचारही, नजरेतून निसटू शकतो. म्हणून झोप मोडणे, जेवण तुटणे, एकटे बसणे, पुन्हा पुन्हा अंग दुखणे या गोष्टी घरच्यांनी वहीत टिपून डॉक्टरांना दाखवाव्यात.

औषधे मुख्यतः भास आणि संशय आवरतात. भावनांची नावे शिकवत नाहीत. ते काम समुपदेशनाचे आणि घराचे. मोघम प्रश्नापेक्षा नेमका प्रश्न सोपा जातो: ‘छातीत धडधडतंय का? हात गार पडलेत का? हे कधीपासून?’ मग दोन शब्द पुढे ठेवावेत: ‘भीती वाटली, की राग आला?’ उत्तरासाठी थांबावे, घाई करू नये. ‘दगड आहेस’ असे टोमणे टाळावेत. सतत टीका होणाऱ्या घरात हा आजार उलटण्याचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घरच्यांनाही सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

माळवदावरच्या त्या मुलाला आईने ओव्यासोबत एवढेच विचारले असते, ‘गर्दीची भीती वाटली का रे?’ तर कदाचित त्याने मान हलवली असती. मग मागच्या खोलीत, कोलाहलापासून दूर, त्याचे ताट वाढता आले असते.