सैनिकाने विचारलेले सव्वीस प्रश्न

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. शब्द आहे विटाळ. 'कावळा शिवला', 'ती बाहेरची झाली', 'चार दिवस लांब राहा' हे ऐकतच आपण मोठ्या झालो. पण हाच शब्द आपल्याकडे आणखी एका कामासाठी वापरला जात होता. अमुक जातीच्या माणसाने पाणवठ्याला हात लावला की विटाळ. देवळाची पायरी चढला की विटाळ. बाईचा विटाळ चार दिवसांनी फिटायचा, या माणसांचा जन्मभर फिटत नव्हता.

1888 साली या शब्दावरच एक पुस्तिका निघाली. तिचं नाव 'विटाळ विध्वंसन', म्हणजे विटाळ मोडून काढणं. ती कुणा पंडिताने किंवा प्राध्यापकाने लिहिलेली नव्हती. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका माणसाने ती लिहिली होती. त्यांचं नाव गोपाळबाबा वलंगकर.

बाबा महाडजवळच्या रावढळ गावचे. जन्म महार समाजातला. त्या काळी इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार समाजाचे पुष्कळ शिपाई होते. बाबाही फौजेत गेले आणि 1886 साली निवृत्त झाले. बंदूक खाली ठेवली आणि लेखणी हातात घेतली. हे कसं जमलं, ते आपण नीट समजून घेऊ, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे.

फौजेने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली गोष्ट अक्षर. गावात अस्पृश्य मुलाला शाळेची पायरी चढू देत नव्हते, पण फौजेत शिपायांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या शिक्षणाची सोय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हेसुद्धा फौजेच्या शाळेत शिक्षक होते. छावणीतल्या घरांमधल्या मुलीबाळींनाही अक्षरओळख व्हायची. बाहेर त्या वेळी ही गोष्ट नवलाची होती.

दुसरी गोष्ट पेन्शन. गावातल्या महार कुटुंबाचं पोट बलुत्यावर चालायचं. सुगीत घरोघरून धान्य मिळायचं, सणावाराला भाकरतुकडा मिळायचा. आता विचार करा, ज्याच्या दारातून भाकरी येते त्यालाच "तुम्ही आम्हाला विहिरीवर का येऊ देत नाही?" असं कोण विचारणार? विचारलं तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. बाबांची पेन्शन मात्र गावाच्या हातातून येत नव्हती. ती सरकारकडून थेट त्यांच्या हातात पडत होती. म्हणून ते विचारू शकले.

निवृत्तीनंतर बाबा कोकणात दापोलीला राहिले. दापोलीला फौजेची जुनी छावणी होती. पेन्शनर शिपायांची कुटुंबं तिथे वस्ती करून होती. जोतीराव फुले यांच्या विचारांचा बाबांवर मोठा प्रभाव होता. 'दीनबंधू' या वर्तमानपत्रातून ते लिहू लागले. 1890 च्या सुमारास त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था काढली. नाव अवघड आहे, काम सोपं होतं. आपल्या लोकांवर लावलेला कलंक पुसायचा आणि त्यासाठी एकत्र यायचं.

आता त्या पुस्तिकेविषयी. तिच्यात बाबांनी सव्वीस प्रश्न विचारले. विचारले कुणाला? गावातल्या साध्या माणसाला नाही. राजेरजवाड्यांना, समाजातल्या मोठमोठ्या लोकांना. तुम्ही आम्हाला अपवित्र म्हणता, त्याला आधार काय? हा भेद जन्माने आला की माणसाने केला? असा त्या प्रश्नांचा रोख होता.

बाबांनी प्रश्नच का विचारले असतील? आम्हाला वाटतं, त्यात मोठं शहाणपण आहे. विनवणी केली तर समोरचा दया दाखवतो किंवा हाकलून देतो. शिवी दिली तर भांडण होतं आणि मुद्दा बाजूला राहतो. प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारी समोरच्यावर पडते. उत्तर दिलं तर त्याला कारण सांगावं लागतं. नाही दिलं तर त्याच्याकडे कारण नाही हे चारचौघांत दिसतं. शिवाय छापलेला प्रश्न विसरता येत नाही. 'आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं' असं मग म्हणता येत नाही.

पण मैत्रिणींनो, प्रश्न विचारून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं समजू नका. 1895 साली बाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सोबतच्या उच्चवर्णीय सभासदांना ती खपली नाही. त्याच्या आधीच आणखी एक संकट आलं होतं. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. बाबांची स्वतःची पेन्शन चालू होती, त्यांना गप्प बसता आलं असतं. पण ज्या दारातून आपल्याला अक्षर आणि पैसा मिळाला, तेच दार मागच्या पोरांसाठी बंद होतंय, हे त्यांनी ओळखलं. 1894 साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी सरसेनापतींच्या नावे अर्ज लिहिला. 1900 साली बाबा गेले. मागणी मात्र राहिली. दुसऱ्यांनी ती पुढे नेली. पहिल्या महायुद्धात महारांची एक पलटण उभी राहिली, 1921 मध्ये ती मोडली आणि अखेर 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. आजही ती आहे.

बाबांच्याच महाडमध्ये 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपल्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. त्यात बायाही होत्या. 'आम्हाला मनाई कशाच्या आधारावर?' हा प्रश्न तोच होता, फक्त तो आता कागदावरून रस्त्यावर आला होता.

आणखी एक सांगायला हवं. बाबांच्याही आधी बायकांनी लेखणी उचलली होती. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने 1855 साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. या जातींतल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांचे हाल कसे होतात, हे तिने लिहिलं, कारण ते बाईलाच दिसलं. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडे सवाल केले.

आता आपल्या गटांकडे येऊ. अंबड आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये आम्ही बैठकांना जातो. एका गटाची बैठक देवळाच्या सभामंडपात व्हायची. दर महिन्याला कुणी ना कुणी गैरहजर. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती यायचे, ताई यायच्या नाहीत. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. ज्या दिवशी कर्जाचा निर्णय व्हायचा, त्या दिवशी नेमकी गरजवंत ताई घरी. शेवटी एका ताईंनी ठरावाच्या वहीत लिहायला लावलं, "बैठकीला न येण्याचं कारण विटाळ असेल, तर बैठकीची जागा बदलायची की सभासद कमी करायचे?" एवढ्या एका ओळीने काम झालं. पुढची बैठक अंगणवाडीच्या ओसरीवर झाली. दोघी-तिघींना अजून ते पटलेलं नाही, पण वहीतला प्रश्न खोडायला कुणी तयार नाही.

गटाची बचत म्हणजे आपली पेन्शनच समजा. रक्कम लहान असेल, पण ती कुणाच्या दारातून मागून आणलेली नाही. आणि वहीवरची सही म्हणजे आपलं अक्षर. या दोन्ही गोष्टी हाताशी असताना प्रश्न तोंडातल्या तोंडात ठेवू नका.

प्रश्न लिहायचा कसा? एका अर्जात एकच विषय घ्या. दोन-तीन प्रश्न असतील तर त्यांना क्रमांक द्या. ज्याला उत्तर द्यायचा अधिकार आहे, त्याच्या नावाने किंवा पदाच्या नावाने लिहा. 'आमच्यावर दया करा' असं न लिहिता 'हे कोणत्या नियमाने?' असं विचारा. तारीख घाला. एकीने सही करण्यापेक्षा सगळ्यांनी करा. दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. ती प्रत गटाच्या फाईलमध्ये लावा. उत्तराला उशीर झाला तर त्याच प्रतीवरची तारीख दाखवून पुन्हा विचारा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक प्रश्न सांगावा. रेशनचा असो, पाण्याचा असो, नाहीतर घरातल्या विटाळाचा असो. जिला लिहिता येत नाही तिचा प्रश्न दुसरीने लिहून घ्यावा, तिच्याच शब्दांत, आणि तो तिला वाचून दाखवावा.