'प्रेषित' : दीर्घ विज्ञानकादंबरीचे सामर्थ्य आणि मर्यादा

मराठी विज्ञानसाहित्याची चर्चा बहुधा लघुकथेपाशीच थांबते. याला ऐतिहासिक कारण आहे. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने हा वाङ्मयप्रकार वाढला. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची 'कृष्णविवर' ही पहिली कथा १९७४ साली या स्पर्धेसाठीच, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने लिहिली गेली. एक वैज्ञानिक कल्पना, तिच्यातून उद्भवणारा पेच आणि अखेरची उकल, असा या कथेचा सामान्यतः घाट असतो. हा घाट कादंबरीच्या विस्तारात कितपत टिकतो, हा प्रश्न नारळीकरांच्या 'प्रेषित' (१९८३) या कादंबरीच्या आधारे येथे तपासावयाचा आहे.

परग्रहावरील प्रगत संस्कृतीशी मानवाचा संपर्क हे या कादंबरीचे आशयसूत्र. पाश्चात्त्य अवकाशकथांतील यानांच्या लढायांना येथे महत्त्व नाही. यामागे वैज्ञानिक शिस्त आहे. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तेथे पाठविलेल्या संदेशाचे उत्तर यावयास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बिणीने परग्रहावरील संकेतांचा शोध आरंभिला. १९७१ साली 'नासा'च्या अभ्यासगटाने 'सायक्लॉप्स' या प्रचंड अँटेनासमूहाची योजना मांडली, जी प्रत्यक्षात उतरली नाही. 'प्रेषित'मधील साहस या शोधपरंपरेच्या अंगाने जाते. संकेत, त्याचा अर्थ आणि त्यामागील हेतू यांचा माग काढणे हेच येथील साहस होय. अद्भुताला तर्काच्या मर्यादेत ठेवूनही वाचकाचे कुतूहल जागे ठेवणे, हे या कादंबरीचे पहिले सामर्थ्य. वैज्ञानिक आशय पेलणारे सुबोध मराठी गद्य, हे दुसरे.

मर्यादा जाणवते ती पात्रचित्रणात. कादंबरीचा नायक आलोक हा मूळचा परग्रहावरचा, परंतु पृथ्वीवरील घरात वाढलेला. जन्म एका कुळात आणि वाढ दुसऱ्या घरी, ही अवस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. कर्णाची व्यथा त्याने महाभारतात ऐकली आहे आणि शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये ती विस्ताराने अनुभवली आहे. कर्णाला जन्मरहस्य कळते तेव्हा कथेतील कोडे सुटते, पण त्याचा खरा पेच तेथूनच सुरू होतो. 'प्रेषित'मध्ये आलोकच्या मुळाचे रहस्य कथानकाला गती देते. त्या रहस्याचा त्याच्या मनावर पडणारा भार मात्र पुरेशा अवकाशाने व्यक्त होत नाही. पुष्कळ ठिकाणी संवाद माहिती पुरविण्याच्या कामी येतात. परिणामी बोलणारी माणसे वेगळी असूनही त्यांची वाणी एकसारखी वाटते.

हा दोष केवळ लेखकाच्या शैलीचा मानणे योग्य होणार नाही. लघुकथेत पात्र हे कल्पनेचे वाहक असले तरी चालते, कारण वाचकाचा त्याच्याशी सहवास थोडा असतो. कादंबरीत हा सहवास दीर्घ असतो आणि काळाच्या ओघात माणूस बदलताना दिसावा, अशी वाचकाची अपेक्षा असते. लघुकथेच्या संस्कारात वाढलेली विज्ञानकादंबरी घटनांचा विस्तार सहज साधते. अनुभवाचा विस्तार तिला कठीण जातो. त्यातच विज्ञानदृष्टीचा प्रसार हा नारळीकरांचा जाहीर हेतू होता. प्रबोधनाला स्पष्टता हवी असते, तर व्यक्तिचित्रणाला काही संदिग्धता. 'प्रेषित'मध्ये पहिलीची सरशी झाली आहे.

तथापि, या मर्यादांमुळे कादंबरीचे महत्त्व उणावत नाही. परग्रहावरून आलेल्या मुलाची मराठी वाचकाला ओढ वाटू शकते, ही शक्यता तिने दाखविली. अभ्यासक्रमात विज्ञानसाहित्य शिकविताना त्यातील विज्ञान बरोबर आहे की नाही, एवढ्यावरच आपण बहुधा थांबतो. ते विज्ञान पात्राच्या जगण्यात कितपत उतरले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. विज्ञानकादंबरीचे मोजमाप अखेर कादंबरी म्हणूनच व्हावयास हवे.