हार्वर्डचा दरवाजा : तेव्हां आणि आतां

मुलाला परदेशीं शिकावयास धाडूं पाहणाऱ्या घरांतून अलीकडे एक वाद हटकून ऐकूं येतो. आजोबा म्हणतात, "पूर्वीं परीक्षा म्हणजे परीक्षा असे, आतां सारा खेळ अर्जाचा!" नातू उत्तर देतो, "पूर्वीं मागेल त्याला प्रवेश मिळे, आजोबा!" दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचा इतिहास समोर ठेवून हा वाद तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हार्वर्डची १८६९ सालची प्रवेशपरीक्षा आजही वाचावयास मिळते. लॅटिन, ग्रीक, इतिहास, भूगोल, अंकगणित, बीजगणित, भूमिती! आमच्यासारख्या पदवीधरासही ती पाहून घाम फुटावा. आजोबांचा पक्ष येथें बळकट दिसतो. परंतु ग्रीक शिकविणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या, आणि त्यांत जाणारी मुलें सुखवस्तु घरांतील होतीं. ज्याच्या कानांवर पाळण्यापासून अमरकोश पडला त्याला तो सोपा वाटावयाचाच. आपल्या घरांना हें निराळें सांगावयास नको.

पुढें ग्रीकची सक्ती गेली, सरकारी शाळांतील हुषार मुलें परीक्षा उत्तीर्ण होऊं लागलीं, आणि खरी अडचण तेथेंच उत्पन्न झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं हार्वर्डमध्यें यहुदी विद्यार्थी शेंकडा सुमारें ७ होते; १९२२ च्या सुमारास ते २१ वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांनीं त्यांच्या संख्येस मर्यादा घालावी असें सुचविलें. प्राध्यापकांनीं तें मान्य केलें नाहीं. मग अर्जांत नवे प्रश्न आले : धर्म कोणता, आईचें माहेरचें नांव काय, वडिलांचा जन्म कोठें झाला, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नांवांत कांहीं बदल केला आहे काय? १९२६ पासून छायाचित्रही जोडावें लागे, आणि गुणांबरोबर 'चारित्र्य व व्यक्तिमत्त्व' यांचें वजन वाढलें. नवख्या माणसास प्रथम आडनांव विचारण्यामागें काय हेतु असतो, हें महाराष्ट्रांतील वाचकांस आम्हीं काय समजावून सांगावें!

हें सारें चाललें असतां घरच्या मुलांना मात्र दार सताड उघडें होतें. जॉन केनेडी यांनीं १९३५ सालीं आपल्या शाळेंत ११२ मुलांत ६४ वा क्रमांक मिळविला होता. हार्वर्डला केलेल्या अर्जांत त्यांनीं चार-पांच वाक्यांत, वडील तेथेंच शिकले म्हणून आपणांसही तेथें जावयाचें आहे, असें लिहिलें. प्रवेश मिळाला. नातवाचा पक्ष येथें जिंकतो! अगदीं १९५२ सालींही अर्ज करणाऱ्या तिघांपैकीं दोघे आंत घेतले जात, आणि नवागतांस भाषेच्या चांचणींत ८०० पैकीं सरासरी ५८३ गुण असत. १९६० सालीं हीच सरासरी ६७८ वर गेली. अध्यक्ष कॉनंट यांनीं १९३४ सालीं शिष्यवृत्तीच्या मुलांसाठीं ही चांचणी वापरावयास घेतली होती. तिचें खरें पीक दुसऱ्या महायुद्धानंतर आलें. त्या आठ वर्षांत जेवढा फरक पडला तेवढा आधींच्या पन्नास वर्षांत पडला नसेल, असें आमचें मत आहे.

आतां शंभर अर्जांमागें सुमारें चार जणांनाच जागा मिळते. म्हणून कसोटी सर्वांना सारखीच कडक झाली, असें मात्र समजूं नये. वंशविचाराविरुद्ध विद्यापीठावर जो खटला चालला, त्यांत बाहेर आलेले आंकडे पाहावे : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ३३ च्या आसपास मुलांना प्रवेश मिळत असे, इतरांपैकीं शेंकडा सहांच्या आसपास. २०२३ च्या जूनमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशांतील वंशाचा विचार बंद केला. आईवडील कोठें शिकले, हा प्रश्न त्या निकालानें अर्जांतून गेला नाहीं.