आडव्या वाऱ्यातला झोत

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरकडच्या माणसाला वाऱ्याची दिशा विचारावी लागत नाही. साखर कारखान्याच्या चिमणीकडे पाहिले की पुरे! धूर सरळ वर निघतो, वाकतो आणि आडवा होऊन दूर जातो. कधी मात्र तो वर चढतच नाही, चिमणीच्या पाठीशीच खाली लोळतो. त्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काजळीचे ठिपके पडतात. असे का व्हावे?

झोताची घनता त्याच्या वेगाच्या वर्गाने गुणली की त्याचा जोर कळतो. वाऱ्याचा जोरही तसाच काढावा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. समजा, धूर सेकंदाला १५ मीटर वेगाने निघतो आणि वारा ५ मीटर आहे. वेगांचे गुणोत्तर ३, त्याचा वर्ग ९. गरम धूर विरळ असतो. त्याची घनता हवेच्या ०.७ पट धरली तर झोताचा जोर वाऱ्याच्या सुमारे सहापट होतो. धूर वर चढतो. वाराही १५ मीटर झाला तर हेच उत्तर ०.७ येते आणि चिमणीमागच्या भोवऱ्यात धूर ओढला जातो. म्हणून धुराचा वेग वाऱ्याच्या निदान दीडपट असावा, असा ठोकताळा आहे.

हा वेग मोजतात कसा? १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सीन नदीचा वेग मोजण्यासाठी एक वाकडी नळी वापरली. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीतला दाब आणि प्रवाहातला मूळ दाब यांच्या फरकावरून वेग निघतो. चिमणीच्या भोकातून तीच नळी आत घालतात. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या शिकाऊ विमानांनाही ती असते.

परंतु प्रवाह ध्वनीहून वेगवान असला तर नळीच त्याला अडथळा होते. तिच्यापुढे आघात-तरंग उभा राहतो. तेथे प्रकाशाचा उपयोग करतात. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडचे झाड थरथरताना दिसते, कारण कमी-अधिक घनतेच्या हवेत प्रकाश वाकतो. याच तत्त्वावरील श्लीरेन पद्धतीने माख आणि साल्खर यांनी गोळीपुढील तरंगाची छायाचित्रे घेतली व ती १८८७ साली प्रसिद्ध झाली. आता प्रवाहात बारीक कण सोडून लेसरच्या लागोपाठच्या दोन चमकांत कण किती सरकला, तेही पाहतात.

हा नुसता पुस्तकी खटाटोप नव्हे. २८ ऑगस्ट २०१६ रोजी इस्रोने श्रीहरिकोटा येथून स्क्रॅमजेट इंजिनाची उड्डाण-चाचणी घेतली. त्यात हवा ध्वनीहून अधिक वेगाने वाहत असतानाच हायड्रोजन जळावा लागतो. मिसळायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर त्याच्या काही पट वेळ मिळतो. झोत दुबळा असला तर भिंतीलाच चिकटतो. फार जोरकस असला तर त्याच्यापुढील आघात-तरंगात प्रवाहाची शक्ती वाया जाते.

इंजिनातला हायड्रोजन असो की चिमणीतला धूर, हिशेब झोत आणि आडवा वारा या दोघांचा मिळून करावा लागतो. चिमणी किती उंच, एवढेच विचारून भागत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात तिचा धूर कोठे उतरतो, हेही आपण विचारायला हवे. धोतर पुन्हा धुता येते. पण तीच हवा श्वासावाटे आत जाते.