झाडावरच रुजणारी बाळं

कांदळ या खारफुटीच्या झाडाला लोंबणाऱ्या हिरव्या, खरबरीत काठ्या पाहिल्यात का? लोक त्यांना शेंगा म्हणतात, पण ती चक्क रोपं आहेत! बी फळात असतानाच रुजतं आणि कोंब फळ फोडून हातभर वाढतो. पिकलेली काठी ओळखायची तर फळ आणि काठी यांच्या सांध्याकडे बघा. तिथे पिवळसर कडं दिसलं की काठी तयार. हलक्या हाताने ओढली तरी निघते. लावताना फळाकडची बाजू वर, साधारण तिसरा हिस्सा चिखलात. उलटी लावलेली रोपं पाहिली की फार वाईट वाटतं.

तिवर या दुसऱ्या खारफुटीचं तंत्र वेगळं. त्याचं बदामाएवढं चपटं फळ पाण्यात पडलं की पातळ साल सुटते आणि आत एकमेकांवर घडी घातलेल्या दोन जाड, हिरव्या बीजदलांचं तयार बाळ असतं. चिखलात ही मांसल जोडी दिसली की बिनधास्त तिवर म्हणा.

२०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी मात्र झाडावर रुजत नाही. तिच्या निदलांच्या चांदणीवर बसलेल्या गोल फळात बारीक बियांची गर्दी असते. फळ कुजून फुटलं की त्या मोकळ्या होतात. तिची रोपं इतकी नाजूक असतात, की ओहोटीला चालताना पायाखाली बघत चला!